इंजिन केव्हा बंद करावे?

सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन बंद करावे, तेवढेच इंधन वाचते, असे आपण ऐकतो. लगेच दुसरा सांगतो, “अहो, टर्बोची गाडी आहे, अशी बंद केलीत तर टर्बो जाईल!” भाड्याची गाडी चालवून संसार करणाऱ्याला दोन्हीकडून खर्चच दिसतो. त्याने कोणाचे ऐकावे? याचा उलगडा या यंत्राच्या इतिहासात सापडतो, असे आम्हांस वाटते.

टर्बोचार्जर मुळात काटकसरीतूनच जन्मला. जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो. या धुराने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात अधिक हवा कोंबावी, ही कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंटासाठी मांडली. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेले आणि विरळ हवेत गमावलेली शक्ती या युक्तीने परत मिळते, हे सिद्ध केले. १९६२ साली तेथील मोटारींत टर्बो आला. १९७३ च्या तेलसंकटानंतर लहान इंजिनाकडून मोठे काम घेण्याची निकड वाढली, आणि १९७८ साली मर्सिडीजने टर्बो-डिझेल मोटार बाजारात आणली.

पण या काटकसरीलाही जपावे लागते. ते चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, आणि ऑइल पुरविणारा पंप चालतो इंजिनावर. इंजिन थांबले की पुरवठाही थांबला. चुलीतली लाकडे ओढली तरी तवा तापलेलाच राहतो. तद्वत चक्राची उष्णता बेअरिंगकडे सरकते, तेथले ऑइल करपते आणि त्याची काळी खपली ऑइलच्या वाटा बुजविते. म्हणून जुन्या चालकांनी नियम केला: आधी थांबा, मग बंद करा. त्या काळी तो योग्यच होता.

१९८० नंतरच्या दशकात बेअरिंगभोवती पाणी खेळविण्याची सोय रुळू लागली; अधिक उष्णता सोसणारी ऑइलेही आली. आज टर्बो असलेल्या कित्येक गाड्या सिग्नलला आपणहून इंजिन बंद करतात. तरी दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे आपण प्रत्येक थांब्यावर डिझेल जाळीत बसतो.

प्रश्न थांब्याचा नव्हे, थांब्याआधीच्या श्रमाचा आहे. गावात सावकाश आलेल्या गाडीचा टर्बो फारसा तापलेला नसतो. लांबलेल्या सिग्नलला तिचे इंजिन खुशाल बंद करावे. पण भरल्या गाडीने घाट चढून माथ्यावर चहाला थांबलात, तर मिनिट-दोन मिनिटे इंजिन मंद चालू द्या. शेवटचा मैलभर रस्ता हळू आलात, तर तेही बहुधा लागत नाही. जुनी गाडी असेल तर हा संयम अधिक पाळावा, आणि ऑइल वेळच्या वेळी बदलावे. इतके केले म्हणजे इंधनही वाचेल आणि टर्बोही टिकेल.