वसुलीचा खर्च कुणाच्या माथी?

आजची वसुली एजन्सी बहुधा टक्केवारीवर चालते: पैसा आला तर कमिशन. इंग्रजी अमदानीत आपल्या जामनेरकडच्या सावकाराला मात्र आधी स्वतःच्या खिशात हात घालावा लागे. दाव्याचा स्टॅम्प, समन्साची फी, जप्तीचा खर्च, सगळं आगाऊ. कुळाला दिवाणी तुरुंगात टाकायचं तर त्याच्या जेवणाचा भत्तासुद्धा सावकारानंच कोर्टात भरायचा. भत्ता थांबला की कैदी सुटला!

मग सावकार बुडाला का? छे. हा भत्ता दाव्याच्या खर्चात धरला जाई, म्हणजे फिरून कुळाच्याच नावावर. फक्त तेवढ्या रकमेसाठी त्याला अडकवून ठेवता येत नसे. आम्हाला वाटतं, खरा धाक त्या कैदेचाच होता. पुष्कळदा नुसत्या वॉरंटवर वसुली होत असणार.

१८७५ मध्ये सुप्याला दंगा झाला, १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला, शेतकऱ्याची कर्जासाठीची कैद गेली. पण कुठं? पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत. खानदेश त्या यादीत नव्हता. तापीकाठच्या कुळामागं वॉरंट तसंच राहिलं, आणि भत्त्याचा हिशेबही.