राजाचे इस्पितळ : दोन प्रवाशांची साक्ष

इस्पितळ उभारण्यास पैसा लागतो, हे सर्वांस ठाऊक आहे. ते चालविण्यास पैशाखेरीज आणखी काही लागते, याचा मात्र विसर पडतो. या संबंधी आमच्या गोमंतकाच्या इतिहासात दोन फ्रेंच प्रवाशांची साक्ष उपलब्ध आहे. दोघांनीही जुन्या गोव्यातील एकाच इस्पितळाविषयी लिहिले आहे.

पहिला पिरार द लाव्हाल. मालदीव बेटांजवळ जहाज फुटून तो तेथे अडकला आणि पुढे पोर्तुगिजांचा बंदी म्हणून १६०८ साली आजारी स्थितीत गोव्यास आला. राजाच्या इस्पितळात त्याच्यावर उपचार झाले. तेथील कारभार तेव्हा जेझुइट पाद्री पाहत. रोगी आत येताच त्याचे केस कापून त्याला स्नान घालीत व स्वच्छ वस्त्रे देत. वैद्य, शस्त्रवैद्य व औषधे देणारे यांना दिवसातून दोन वेळा प्रत्येक खाटेपाशी जावेच लागे. जेवण चांदीच्या व चिनी मातीच्या भांड्यांतून येई. ही वर्णने वाचून आम्हांस विस्मय वाटतो तो चांदीचा नव्हे, तर त्या नियमबद्धतेचा.

दुसरा साक्षीदार रत्नांचा व्यापारी ताव्हेर्निये. तो १६४१ च्या अखेरीस व पुन्हा १६४८ साली गोव्यास आला. पहिल्या भेटीच्या वेळी रोग्यांची सेवा चांगली होत होती. पुढे व्यवस्थापक बदलले आणि सारे बिघडले, असे तो स्पष्ट लिहितो. हातावर काही ठेवल्याशिवाय नोकर तहानलेल्या रोग्यास पाण्याचा घोटही देत नसत. आणि दिला तरी वैद्याची मनाई असल्याचे सांगून चोरून देत!

इमारत तीच, नावही तेच. मग कमी काय झाले? पाणी मागणाऱ्याची दाद घेणारा कोणी उरला नव्हता.

तथापि पूर्वीच्या वैभवाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. ते इस्पितळ पोर्तुगीज लोकांसाठी, मुख्यत्वे सैनिकांसाठी होते. ज्यांना आदल्या शतकात आपले देव नदीपार अंत्रुज महालात न्यावे लागले, त्या आमच्या पूर्वजांसाठी त्याचे दार नव्हते. उत्तम व्यवस्था मोजक्यांसाठीच असेल, तर तिला सार्वजनिक म्हणता येणार नाही.

पुढे १८४२ साली पणजीस वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले. १९६३ साली त्याचे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि नंतर ते बांबोळीच्या विस्तीर्ण आवारात गेले. दार सर्वांस उघडले, ही मोठीच प्रगती होय. आता नोंदवहीची जागा संगणक घेत आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु आधुनिकता यंत्रात नाही. वैद्य नेमलेल्या वेळी खाटेपाशी आला की नाही, कोठारातील औषध रोग्यापर्यंत पोचले की नाही, गाऱ्हाणे कोणी ऐकले की नाही, हे विचारणारा अधिकारी आणि त्याला उत्तर देण्यास बांधलेला सेवक, या दोहोंत ती आहे.

हे आमच्या महाजनांस निराळे सांगणे नलगे. देवस्थानाचे उत्पन्न कितीही असो, हिशेब दरसाल सर्वांसमोर मांडला गेला नाही, तर नंदादीपाचे तेलही कमी पडते. इस्पितळात कमी पडते ते तहानलेल्याच्या तोंडचे पाणी. म्हणून नव्या इमारतीच्या कोनशिलेस हार घालताना आपण एवढे अवश्य विचारावे : उद्या येथे पाणी कोण देणार, आणि न दिल्यास जाब कोणाला विचारायचा?