स्टँडर्ड लेन्सचं ‘स्टँडर्ड’ कुणी ठरवलं?

फक्त कृष्णधवल फोटो काढणारा डिजिटल रेंजफाइंडर हातात आला की पुढचा प्रश्न लेन्सचा. बजेट एकाच लेन्सचं. कोणती घ्यायची? यूट्यूबपासून दुकानदारापर्यंत सगळे सांगतात, ‘फिफ्टी घे, स्टँडर्ड आहे.’ मी पोटासाठी कोड लिहितो. सॉफ्टवेअरमधली प्रत्येक डिफॉल्ट सेटिंग कधीतरी कुणीतरी आपल्या सोयीनं ठरवलेली असते. मग ही ५० एमएमची सेटिंग कुणाची?

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या वेट्झलार गावात. लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नाकनं १९१४ मध्ये सिनेमाच्या ३५ एमएम फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. सिनेमाच्या दोन चौकटी जोडून २४ बाय ३६ एमएमची एक चौकट झाली. पुस्तकी नियम असा, की स्टँडर्ड लेन्सची फोकल लेन्थ चौकटीच्या कर्णाइतकी असावी. पायथागोरस लावून बघा, उत्तर येतं ४३.३. पण १९२५ मध्ये पहिला लायका विक्रीला आला, तेव्हा त्यावर माक्स बेरेकनं रचलेली ५० एमएम लेन्स पक्की बसवलेली होती. पुढे लेन्स बदलता येऊ लागल्या. तरी १९५४ च्या एम३ मॉडेलच्या व्ह्यूफाइंडरमध्ये सर्वांत रुंद चौकट ५०चीच होती. आँरी कार्तिए-ब्रेसाँनं आपलं बहुतेक काम ५०वर केलं आणि सवयीला प्रतिष्ठा मिळाली. गंमत म्हणजे ४३ पासून ५० सात एमएम दूर आहे आणि ३५ आठ. नियमाच्या दृष्टीनं दोघी जवळपास सारख्याच.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स वापरायच्या. त्याची लेन्स बदलताच येत नसे. चौकट लहान-मोठी करायची तर आपणच मागेपुढे व्हायचं. पण त्यासाठी मागे जागा हवी.

इथे माझा प्रश्न मुलुंडला येऊन थांबतो. आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेलीय. रिकामी होण्याआधी प्रत्येक बिऱ्हाडाचा, आपल्या दारात उभं असलेला एक फोटो मला काढायचाय. गॅलरीच्या कठड्याला पाठ टेकली, की कॅमेरा आणि उंबऱ्यातला माणूस यांत जेमतेम १.२ मीटर उरतं. तेवढ्या अंतरावरून कॅमेरा उभा धरला, तर ५०च्या चौकटीत सुमारे ८६ बाय ५८ सेंटिमीटर मावतं. चेहरा आणि खांदे येतात, दार जातं. ३५मध्ये १२३ बाय ८२ मावतं. कमरेपर्यंत माणूस, चौकटीची दोन्ही लाकडं, जमलं तर नावाची पाटीही. ‘३५नं नाक मोठं दिसतं’ ही भीती इथे लागू नाही, कारण चेहऱ्याची ठेवण अंतरावर ठरते आणि अंतर तर कठड्यानंच ठरवलंय. मी ३५ घेतली.

घेताना आणखी एक गोष्ट बघितली, फिल्टरची. रंगीत डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरवर लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयरच्या नावावर तिचं १९७६ चं पेटंट आहे. २०१२ मध्ये लायकानं एम मोनोक्रोममधून ती काढून टाकली. त्यामुळे जास्त प्रकाश मिळतो, तपशील बारीक येतात. पण कुठला रंग किती गडद दिसावा, हे नंतर लॅपटॉपवर बदलता येत नाही. जुन्या फिल्मवाल्यांसारखा पिवळा किंवा लाल काचेचा फिल्टर लेन्सवर आधीच चढवावा लागतो. लायकाच्या बऱ्याच छोट्या लेन्सना ३९ एमएमचा फिल्टर बसतो. माझीही तशीच आहे, फोर्टमधल्या बोरा बाजारातून घेतलेली सेकंडहँड. मुंबईच्या पावसात काचेत बुरशी धरते, म्हणून टॉर्च मारून आरपार बघून घेतली.

आमच्या मजल्यावर एक दार निळं आहे, शेजारचं तांबडं. फिल्टर नसेल तर दोन्ही एकाच राखाडी रंगाची दिसू शकतात. लाल फिल्टर लावला की निळं काळवंडतं आणि तांबडं उजळतं. पिवळ्यानं फरक पडतो, पण बेताचा. कुणाचं दार कसं दिसावं, हे शटर दाबण्याआधीच ठरवायचंय. म्हणून सध्या रोज संध्याकाळी ऑफिसमधून आलो, की दोन्ही फिल्टर लावून रिकाम्या दारांचे फोटो काढतो. माणसं उभी करायला अजून दोन रविवार हाताशी आहेत.