प्रवाळांची रात्र

लंडनला ऑनसाइट असताना मी ज्याच्या घरात भाड्याने राहायचो, त्याच्या हॉलमध्ये एक चार फुटी रीफ टँक होता. म्हणजे खाऱ्या पाण्याची काचेची पेटी, आत जिवंत प्रवाळ, चार-पाच मासे आणि वर निळे-पांढरे एलईडी. एकदा घरमालक तीन आठवडे सुट्टीवर गेला आणि टँक माझ्या हवाली केला. सूचना दोनच: माशांना चिमूटभर खाणं घालायचं आणि दिव्याच्या टायमरला हात लावायचा नाही.

मी इंजिनीअर. हात लावला.

कारण साधं होतं. दिवा सकाळी अकराला लागायचा आणि रात्री नऊला बंद व्हायचा. मी सपोर्टचं काम आटपून घरी पोचायचो साडेनऊला, तोवर टँकमध्ये मिट्ट काळोख. मग टायमर बाजूला काढला आणि दिवा रात्री दीड-दोनपर्यंत चालू ठेवायला लागलो. उजेड जास्त मिळाला तर प्रवाळांचं भलंच होईल, असंही मनाशी म्हटलं. दहा दिवसांत काचेवर हिरवी साय धरली आणि एरवी फुलासारखा उघडणारा एक मऊ प्रवाळ मिटून बसला. घरमालक परत आला, पण रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं, "यांची रात्र कुठे गेली?"

त्या वीकांताला खजील होऊन वाचायला बसलो, तर हा प्रश्न बराच जुना निघाला.

प्रवाळ हा प्राणी, मग त्याला उजेड कशाला हवा? 1928-29 मध्ये मॉरिस याँग या ब्रिटिश शास्त्रज्ञाची तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लो आइल्स बेटांवर वर्षभर मुक्काम ठोकून होती. त्यांनी प्रवाळ अंधाऱ्या पेट्यांत कोंडून पाहिले. याँगचं मत पडलं की प्रवाळ हा मुळात शिकारीच, त्याच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल फार तर त्याची घाण साफ करतं. पुढे पलाऊ बेटांवरच्या जपानी केंद्रात सिरो कावागुटी यांनी 1937 मध्ये प्रवाळांच्या ऑक्सिजनची देवघेव मोजून दाखवली. 1959 मध्ये थॉमस गोरो यांनी जमैकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून सिद्ध केलं की उजेडात प्रवाळाचा चुनखडी सांगाडा अंधारापेक्षा वेगाने वाढतो. थोडक्यात, प्रवाळाने अंगातच सोलर पॅनेल बसवून घेतलंय. दिवसा शैवाल साखर बनवून मालकाला देतं. रात्री बरेच प्रवाळ बारीक हात पसरून प्लवक पकडतात. म्हणजे दोन शिफ्ट, दोन वेगळी कामं.

घरात प्रवाळ पाळण्याची गोष्ट मात्र जकार्तात सुरू होते. तिथले ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली पद्धत एका अमेरिकन मासिकात मांडली: समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन. जकार्ता विषुववृत्ताजवळ, दिवस वर्षभर साधारण बारा तासांचा. लींना टायमरचा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं, कारण सूर्य आपला आपण मावळत होता!

प्रश्न पडला तो हा छंद युरोपात पोचल्यावर. जर्मनीतल्या हिवाळ्यात ऊन आणणार कुठून? मग टँकवर मेटल हॅलाइडचे दिवे आले आणि 1980च्या दशकात ही लाट अमेरिकेत गेली. सूर्याचं बटण पहिल्यांदाच माणसाच्या हातात आलं. माणसाच्या हातात बटण आलं की काय होतं, ते मी वर सांगितलंच आहे :-)

तेव्हाची चर्चा चालायची ती वॅट आणि केल्विनची. दिवा किती ताकदीचा, किती निळा, वगैरे. पण शैवालाचंही सर्व्हरसारखंच असतं. ठरावीक उजेडापर्यंत काम वाढत जातं, मग सपाट होतं आणि त्यापुढे उजेडाचा त्रासच होतो. पेशींत ऑक्सिजनचे विषारी प्रकार साठतात, प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ब्लीचिंग म्हणतात ते हेच. समुद्रात ते बहुधा पाणी तापल्यावर होतं, टँकमध्ये नुसत्या अति उजेडानेही होऊ शकतं.

इथवरचा हिशोब दिवसाचा झाला. रात्रीचा हिशोब लागायला आणखी वेळ गेला. 1981 आणि 1982 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅग्नेटिक आयलंडजवळ संशोधकांनी पाहिलं की पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, अंधार पडल्यावर, वेगवेगळ्या जातींचे प्रवाळ एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. ना मेंदू, ना डोळे, ना घड्याळ. मग तारीख कळते कशी? 2007 मध्ये प्रवाळात निळा उजेड ओळखणारी क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं सापडली. आणि 2021 मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी एका जातीपुरतं कोडं सोडवलं. पौर्णिमेला सूर्य मावळतो तेव्हाच चंद्र उगवतो, म्हणून मध्ये काळोख पडतच नाही. नंतर चंद्रोदय रोज साधारण पन्नास मिनिटं लांबतो. संकष्टीला ताट वाढून चंद्राची वाट पाहणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामधला तो काळोखाचा तुकडा हाच त्या प्रवाळाचा सिग्नल. म्हणजे अंधार ही नुसती उजेडाची सुट्टी नव्हे, तो स्वतःच एक निरोप आहे.

हे माणसाने करूनही दाखवलंय, आणि तेही माझ्या घरापासून ट्रेनने जाता येईल इतक्या जवळ. दक्षिण लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज यांच्या टीमने टँकमध्ये ऋतूंप्रमाणे लहानमोठा होणारा दिवस, तापमान आणि चंद्राच्या कला हुबेहूब उभ्या केल्या आणि 2013 मध्ये प्रवाळांनी तिथे अंडी सोडली. याच्या उलट बाजूही आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की किनाऱ्यावरच्या दिव्यांनी उजळलेल्या रीफवर हाच सोहळा एक ते तीन दिवस पौर्णिमेच्या जवळ सरकलाय. वेळ चुकली की शेजारच्या रीफशी गाठ चुकते. माझा टायमरचा उद्योग तिथे शहरंच्या शहरं करतायत.

असो. टँक ठेवणाऱ्यांसाठी या सगळ्याचं सार छोटं आहे. पहाट आणि संध्याकाळचा मंद निळा उजेड धरून दिवस दहा ते बारा तासांचा, त्यात पूर्ण उजेड पाच-सहा तास. बाकी रात्र खरोखरच काळी. चंद्रप्रकाश हवाच असेल तर अगदी पुसट आणि तोही रोज नाही. हॉलमधला ट्यूबलाइटसुद्धा उजेडच असतो, हे विसरू नका. नवा दिवा आणलात तर त्याची ताकद काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. आणि माझ्यासारखे उशिरा घरी येत असाल तर दिवस लांबवू नका, सरकवा. प्रवाळाला तुमच्या घड्याळात किती वाजलेत याच्याशी देणंघेणं नाही. त्याला रोज त्याच वेळी तेवढीच रात्र हवी.

घरमालकाने नेमकं तेच केलं. काच पुसली आणि टायमर दुपारी एक ते रात्री अकरा असा लावला, म्हणजे मलाही टँक बघता येईल. तो मिटलेला प्रवाळ पुन्हा नीट उघडायला काही आठवडे लागले. तेव्हापासून अकराला दिवा निळा होत होत विझला की मीही लॅपटॉप मिटायला लागलो. निदान प्रयत्न तरी करतो.