मातीत, गादीवर, पडद्यावर

तेलगाव म्हटलं की आधी साखर कारखाना डोळ्यांसमोर येतो, तालीम नाही. दसरा उलटला की बीडच्या या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे निघतात. कुस्तीत नाव काढायचं तर पोरालाही पश्चिमेचीच वाट धरावी लागते. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्या हाताखाली घडला. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं, पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. युद्धकलांच्या अभ्यासात वाचकाला मी या रस्त्याने आणतो आहे. शाओलिनचा मठ नंतर पाहू.

या विषयात नवख्याला पहिला मोह होतो तो उतरंड रचण्याचा: माती अस्सल, गादी परकी, पडदा खोटा. मला ती पटत नाही. एकेरी पट हा एकच डाव घ्या. मातीत गडी खाली आला तरी कुस्ती उरतेच, पाठ लागेपर्यंत. गादीवर फ्रीस्टाइलमध्ये त्याला खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण, आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत ते सांभाळणं ही निराळी विद्या. पडद्यावर खरं कसब पडणाऱ्याचं. त्याने वेळेवर अंग सोडायचं, लागल्यासारखं दिसायचं पण लागू द्यायचं नाही, आणि दहाव्या टेकलाही तसंच पडायचं. ‘दंगल’च्या (२०१६) कलाकारांना तयार करायला कृपाशंकर बिष्णोई हे आखाड्यातले प्रशिक्षकच लागले, ते उगाच नाही.

बरं, जत्रेतली कुस्ती तरी प्रेक्षकांवाचून कुठे होते? हलगी कडाडते, रेवड्यांच्या कुस्त्यांनी फड सुरू होतो, इनाम चढत जातं, सर्वांत मोठी जोड शेवटाला राखून ठेवलेली असते. पटकथा म्हणतात ती आणखी काय असते? मर्दानी खेळ तर नावातच ‘खेळ’ घेऊन आले. त्यातला दांडपट्टा २०२४मध्ये राज्यशस्त्र ठरला. पहिल्या भारतीय बोलपटाचे, ‘आलम आरा’चे (१९३१) नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांतले तलवारबाज स्टंटनायक होते, हेही इथेच नोंदवतो.

१९६१ साली औरंगाबादेत सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरीत पुढे माती आणि गादी असे दोन विभाग झाले. दोन्हींकडचे विजेते किताबासाठी एकमेकांना भिडतात. अभ्यासकांना अजून अशी गाठ घालता आलेली नाही. कुस्तीवर लिहिणारा सिनेमाकडे फिरकत नाही, सिनेमावाल्याला तालमीची पायरी माहीत नसते.

सुरुवात कुठून करू, असं विद्यार्थी विचारतात. चैत्रात, टोळ्या गावी परतल्यावर, एखाद्या जत्रेचा फड गाठा. लवकर जा, रेवड्यांच्या कुस्त्या चुकवू नका. जिंकणाऱ्या पोराला गर्दी उचलून घेईलच. तुम्ही दुसऱ्याकडे बघा, तो पडला कसा ते वहीत उतरवा.