धडगाव ते तोरणमाळ : नकाशाच्या चालीची दुरुस्त नोंद



स्मरणिका समितीने मला शाळेच्या स्काऊट पथकाचा इतिहास लिहायला सांगितला. डिसेंबर १९८६ मधल्या 'नकाशाच्या चाली'त मी संघनायक होतो आणि त्या वर्षी सूचनाफलकावर माझे नाव लागले होते, म्हणून हे काम माझ्याकडे आले. फलकावरचा तो मजकूर अर्धाच खरा होता. उरलेला अर्धा या निमित्ताने लिहितो.

आधी या खेळाविषयी थोडे. अनोळखी मुलखात फक्त नकाशा आणि होकायंत्र घेऊन, ठरलेली ठाणी गाठत मुक्काम गाठायचा, हा खेळ स्कँडिनेव्हियातला. तिथे लष्कराच्या सरावातून तो निघाला. नॉर्वेत १८९७ मध्ये त्याची पहिली खुली शर्यत झाली. पुढे स्वीडनमध्ये एर्न्स्ट किलँडर या लष्करी अधिकाऱ्याने मुलांना रानात धावायची गोडी लागावी म्हणून तो वाढवला. १९६१ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटनाही झाली. आपल्याकडे तो स्काऊटच्या हाइकमधून आला. भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था १९५० ची. धडगावला तेव्हा या खेळाचे इंग्रजी नाव कोणालाच माहीत नव्हते. सर म्हणायचे, "नकाशाची चाल."

चाल दोन दिवसांची, सहा-सहा जणांचे चार संघ, धडगावहून तोरणमाळ. सरळ रेषेत अंतर १५-१६ मैल, पण सातपुड्यात सरळ रेषा कावळ्यालाच जमते. आमचा जिल्हा तेव्हा धुळे होता, नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. नकाशा होता सर्वेक्षण खात्याच्या ४६ के या गटातला, जुना, एक इंचाला एक मैल. त्यावरून चित्रकलेच्या सरांनी ट्रेसिंग कागदावर चार नकला काढल्या होत्या. वेळ काढायला भूगोलाच्या सरांनी नेस्मिथचा नियम शिकवला. या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये हिशेब मांडला होता : तीन मैलांना एक तास आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. मी तो वहीत उतरवून तोंडपाठ केला. नियम पाठ म्हणजे वाट पाठ, असे मला वाटत होते.

आमच्या संघात वसतिगृहातला एक वर्गमित्र होता. गाव नर्मदाकाठचे. सुट्टीला घरी जाताना तो पहाटे निघायचा आणि अंधार पडता पडता पोचायचा. या लेखात नाव छापू नको, असे त्याने फोनवर बजावले आहे, म्हणून छापत नाही. त्याच्या वर्गातल्यांना ते सांगावे लागणार नाही.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळे हिशेबात होते. तिसरे ठाणे एका पाड्यावरच्या विहिरीपाशी होते. इथे आपल्या भागातली मेख आली. देशावर गाव म्हणजे एकमेकांना टेकलेली घरे. आपल्याकडे ज्याचे शेत तिथे त्याचे घर. एक गाव म्हणजे दोन-तीन मैलांत विखुरलेले सात-आठ पाडे, आणि नकाशावर गावाचे नाव मात्र एकाच जागी छापलेले. आम्ही भेटेल त्याला गावाचे नाव विचारत होतो, आणि प्रत्येक जण खरे तेच सांगत होता : "हेच गाव." विहीर काही सापडेना.

मी खडकावर नकाशा पसरला, त्यावर होकायंत्र ठेवले आणि दिशा काढली. आपला काळा खडक म्हणजे बेसॉल्ट. त्यात लोहखनिज असते आणि अगदी टेकवून ठेवले तर काटा ढळू शकतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या दिवशी काटा ढळला की मी ढळलो, ते आज सांगता येणार नाही. एक डोंगरसोंड ओलांडून आम्ही पलीकडच्या नाल्यात उतरू लागलो. नकाशात तसा एक नाला होता. वळणही जुळत होते, किंवा मी जुळवले.

नाल्यात थोडे पाणी होते. तो मित्र थांबला. म्हणाला, "हे पाणी आपलं नाही."

मी विचारले, "म्हणजे?"

"आपलं पाणी उदईला मिळतं, उदई नर्मदेला. हे उलटं चाललंय. आपण धार ओलांडली."

सातपुड्याच्या कण्याच्या उत्तरेचे पाणी नर्मदेला आणि दक्षिणेचे तापीला, हे मी भूगोलाच्या पेपरात लिहून गुण मिळवले होते. तरी मी म्हणालो, "नकाशावर नाला आहे, हाच तो. तू नकाशा वाचतोस की मी?" बाकीचे चौघे गप्प राहिले. तोही गप्प राहिला आणि मागून चालू लागला.

सूर्य मावळताना आम्ही एका कड्याच्या ओठावर उभे होतो. खाली जायला वाट नव्हती. बाटल्या रिकाम्या होत्या. सगळ्यात लहान असलेल्या मुलाला ताप भरला होता. काळोख पडला आणि दूर खाली सपाटीवर दिव्यांच्या ओळी दिसू लागल्या. मित्राने फक्त बोट दाखवले. नर्मदेच्या बाजूला तेव्हा वीज नव्हती. इतके दिवे म्हणजे शहाद्याकडचा मुलूख. आता नकाशा उघडायची गरज उरली नव्हती.

आम्हाला तिथेच बसवून तो एकटा मागे फिरला. बॅटरी नेली नाही, "आजाऱ्याजवळ राहू दे" म्हणाला. दीड-दोन तासांनी खालच्या अंगाला बोलणे ऐकू आले. कुत्रे भुंकत होते तिकडे तो चालत गेला होता. सोबत एक बाबा होते, पाण्याने भरलेला दुधीचा तुंबा आणि फडक्यात ज्वारीच्या भाकरी. ती रात्र त्यांच्या अंगणात शेकोटीपाशी गेली. बाबांनी नाव-गाव काही विचारले नाही. पहाटे धारेपर्यंत सोडायला आले. पुढे मित्र चालला आणि मी मागून. तोरणमाळच्या यशवंत तलावापाशी पोचलो तेव्हा ठरल्या वेळेपेक्षा तीन तास उशीर झाला होता. दोन ठाणी चुकली होती.

बक्षीस दुसऱ्या संघाला गेले, ते योग्यच होते. पण चार दिवसांनी फलकावर लागले : 'रात्री वाट चुकूनही संघाला सुखरूप आणल्याबद्दल संघनायकाचे विशेष कौतुक.' प्रार्थनेच्या वेळी मला पुढे बोलावून प्रशस्तिपत्र दिले. मी ते घेतले. तो चौथ्या ओळीत उभा होता आणि टाळ्या वाजवत होता. सरांचा यात दोष नाही. त्यांनी मला काय घडले ते विचारले होते, आणि मी 'आम्ही परत धारेवर आलो' एवढेच सांगितले होते. 'आम्ही' हा शब्द किती सोयीचा असतो, ते मी तेव्हा शिकलो.

आपल्याकडची एक समजूत तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. धनत्रयोदशीला अस्तंब्याची यात्रा निघते, हजारो लोक रात्री डोंगर चढतात. वाट चुकलेल्याला अश्वत्थामा येऊन रस्ता दाखवतो, असे म्हणतात. त्या रात्रीनंतर ही गोष्ट ऐकली की मला कपाळावरची जखम आठवत नाही. बॅटरी न घेता अंधारात उतरणारा मुलगा आठवतो.

सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्याचे गाव त्यांतलेच. घर नव्या वसाहतीत गेले. सपाटीवर, दिव्यांच्या बाजूला. मी ही हकिगत लिहितो म्हटल्यावर तो हसला. म्हणाला, "तुझ्या त्या नकाशात माझं गाव अजून असेल बघ."

चित्रकलेच्या सरांची ट्रेसिंगची नक्कल माझ्याकडे आहे. घडीवर फाटली आहे. वरच्या कडेला नदी आहे आणि काठावर बारीक अक्षरात त्याच्या गावाचे नाव. नक्कल आणि प्रशस्तिपत्र दोन्ही मेळाव्याला आणतो आहे. नक्कल शाळेच्या कपाटात ठेवावी. प्रशस्तिपत्र मी त्याला देणार आहे. घेईल की नाही, माहीत नाही. पण शाळेच्या नोंदीत एवढी दुरुस्ती व्हावी : १९८६ च्या चालीत आमचा संघ ज्याच्यामुळे सुखरूप परतला तो संघनायक नव्हता.