‘ठेवणे’ आणि ‘टाकणे’

दिल्लीच्या अजमेरी दरवाज्यापाशी जे दिल्ली कॉलेज सुरू झाले, तेथे १८२८ साली इंग्रजीचा वर्ग निघाला. पुढे उर्दूचे नामांकित कादंबरीकार ठरलेले नझीर अहमद याच कॉलेजचे विद्यार्थी. परंतु वडिलांच्या विरोधामुळे इंग्रजी तेवढी राहिली. ती त्यांनी मागाहून स्वकष्टाने संपादिली आणि १८६० च्या दंडसंहितेच्या उर्दू भाषांतरात भाग घेतला. केवढे धाडस! ‘पुट’ म्हणजे ठेवणे. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे. कायद्यात असा अर्थ चुकला तर माणूस गजाआड जातो.

पण इंग्रजीलाच का नावे ठेवावीत? नावे ठेवताना आपण तरी काय ठेवतो? ‘सांगून टाकले’ म्हणताना कोठे काय टाकतो? मोल्सवर्थने आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीने १८४७ साली पुरा केला. त्या साहेबांना हीच वाट उलट दिशेने चालावी लागली.